दुवा कधी तुटतो ते लिहा: येळ्ळूरच्या गच्चीवरून लेझर संपर्काची चाचणी

मी बेळगावात एका कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत इन्स्ट्रक्टर आहे. घर येळ्ळूरला. गेली चार वर्षं शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींना घेऊन मी आमच्या गच्चीवरून भावाच्या शिवारातल्या शेडपर्यंत लेझरचा दुवा लावते, म्हणजे प्रकाशाच्या झोतावरून माहिती पाठवते. मधे सगळी भातशेती, एका बाजूला राजहंसगड, अंतर ६०० मीटर. दर वर्षी पहिल्या संध्याकाळी शेडच्या भिंतीवर लाल ठिपका पडला की टाळ्या वाजतात, "मॅडम, लागलं की!" आणि पोरं वायरी गुंडाळायला लागतात. मी तिथं अडवते. दुवा लागला एवढ्यानं काहीच कळत नाही. तो कधी तुटला, किती वेळ तुटला आणि कशानं तुटला हे वहीत आलं, तर चाचणी झाली म्हणायची. उपग्रह आणि जमीन यांच्यातला दुवासुद्धा असाच तपासतात, म्हणून गच्चीवर जे शिकाल ते तिकडंही लागू पडतं.

प्रकाशावरून बोलणं पाठवायची कल्पना जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि चार्ल्स सम्नर टेंटर यांनी १८८० मध्ये सूर्याच्या किरणावर आवाज बसवून २१३ मीटरवर पाठवला होता. २०१३ मध्ये नासानं चंद्राभोवती फिरणाऱ्या यानावरून लेझरनं सेकंदाला ६२२ मेगाबिट खाली आणले. डिसेंबर २०२३ मध्ये नासाच्याच सायकी यानानं ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून एका मांजराचा व्हिडिओ सेकंदाला २६७ मेगाबिट या वेगानं पाठवला. आपल्याकडे इस्रोनं २०२१ साली अहमदाबादच्या केंद्रात दोन इमारतींच्या मधे ३०० मीटरवर प्रकाशातून क्वांटम संपर्क साधून दाखवला, तोही रात्री, सूर्याचा उजेड आड येऊ नये म्हणून. ३०० मीटर म्हणजे आमच्या शिवाराचं निम्मं अंतर. तेव्हा ६०० मीटरला कोणी कमी लेखू नये.

आधी डोळ्यांचं बोलते. लेझर १ मिलिवॅटच्या आतला, लाल, ६५० नॅनोमीटरचा घ्या. बाजारात मिळणाऱ्या पॉइंटरवर छापलेला आकडा खरा धरू नका, पॉवर मीटरवर मोजा. हिरवे स्वस्त पॉइंटर तर आणूच नका, त्यांच्यातून डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेडही निसटू शकतो. समोरच्या टोकाला उभं राहून दुर्बिणीतून लेझरकडे कधीही बघायचं नाही. दुर्बीण सगळा प्रकाश गोळा करून बुबुळात ओतते. ठिपका शोधायला फोनचा कॅमेरा वापरा. आणि आमच्या बाजूला सांबऱ्याचा विमानतळ आहे, त्यामुळे लेझर आडवाच राहील, क्षितिजाच्या वर एक बोटभरही जाणार नाही. हा नियम मोडणारा मुलगा माझ्या गच्चीवर परत चढत नाही.

आता हिशेब. सामान विकत घेण्याआधी कागदावर दुवा लागला पाहिजे. तुमचा लेझर किती फाकतो ते कॉलेजच्या लांब व्हरांड्यात मोजा. ५ मीटरवर ठिपक्याचा व्यास घ्या, ५५ मीटरवर घ्या, वजाबाकी करा. ५० मीटरमध्ये ठिपका ५ सेंटिमीटरनं वाढला तर फाकणं १ मिलिरेडियन, दर मीटरमागं १ मिलिमीटर. म्हणजे ६०० मीटरवर ठिपका साधारण ६० सेंटिमीटरचा होणार. समोर वाचायचं १० सेंटिमीटरचं भिंग लावलंत, तर व्यासाचं गुणोत्तर १ ला ६, क्षेत्रफळाचं १ ला ३६. १ मिलिवॅटमधले २८ मायक्रोवॅट भिंगावर येतात. काच, धूळ आणि हवा यांत निम्मे गेले असं धरा, राहिले १४. बीपीडब्ल्यू ३४ हा प्रकाशाची वीज करणारा फोटोडायोड लाल प्रकाशाला दर वॅटमागे सुमारे ०.४ अँपिअर देतो, म्हणजे साडेपाच मायक्रोअँपिअर. पुढे करंटचं व्होल्टेज करणारा १०० किलोओहमचा ट्रान्सइम्पीडन्स अँप्लिफायर लावला की अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर मिळतं. एवढं पुरेसं आहे.

हाच हिशेब सायकीला लावून बघा. तिथं लेझरची तरंगलांबी १५५० नॅनोमीटर, यानावरच्या दुर्बिणीचा व्यास २२ सेंटिमीटर. तरंगलांबीला व्यासानं भागलं की फाकणं ७ मायक्रोरेडियनच्या आसपास येतं. आमच्या पॉइंटरच्या जवळपास एकशेचाळिसाव्या हिश्शाएवढं. तरीही ३ कोटी १० लाख किलोमीटर येईपर्यंत तो झोत दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर रुंद झालेला असतो. कोल्हापूरपासून बेळगाववरून हुबळीपर्यंत जेवढं अंतर, तेवढा ठिपका, आणि त्यातून उचलायला पालोमार वेधशाळेची ५.१ मीटरची दुर्बीण. म्हणून तिथं प्रकाशाचा एकेक कण मोजणारा, अतिथंड ठेवलेला डिटेक्टर लागतो. हे गणित मी फळ्यावर मांडते तेव्हा वर्ग शांत होतो. मला स्वतःला ते दर वर्षी नव्यानं थक्क करतं.

बाहेर जाण्याआधी प्रयोगशाळेत दुवा मुद्दाम अशक्त करून बघा. अंतर आणता येत नसेल तर अंधार आणायचा. गाडीच्या काचेला लावतात त्या सनफिल्मचे तुकडे कापा, एकेक थर किती प्रकाश अडवतो ते मीटरवर मोजून त्यावर पेननं लिहा. आधी प्रकाश १४ मायक्रोवॅटवर आणा, म्हणजे शेडवर मिळणार तेवढाच. मग एकेक थर चढवत जा. आमच्याकडचा एक थर जवळपास निम्मा प्रकाश खातो, म्हणजे ३ डेसिबल. गेल्या वर्षीचा रिसीव्हर चार थरांपर्यंत स्वच्छ चालला आणि पाचव्याला चुका सुरू झाल्या. म्हणजे आमच्या पदरी १२ डेसिबलची शिल्लक होती. ही शिल्लक आधी माहीत नसेल तर बाहेर दुवा तुटल्यावर दोष हवेचा की सर्किटचा हे सांगताच येत नाही.

चुका मोजायच्या कशा? दोन्ही टोकांना आधीच माहीत असलेली बिटांची माळ पाठवा आणि पलीकडे आलेली माळ ताडून बघा. आम्ही सेकंदाला १० हजार बिट पाठवतो, मँचेस्टर पद्धतीनं, म्हणजे सलग शून्यं आली तरी प्रकाश बदलत राहतो. ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, ती गाळायला रिसीव्हरमध्ये कपॅसिटर घातलेला असतो आणि सलग एकसारखे बिट आले की त्या कपॅसिटरमुळे सिग्नलची मूळ पातळी सरकते. दहा लाखांत एकाहून कमी चूक असा दावा करायचा असेल, तर निदान ३० लाख बिट एकही चूक न होता गेले पाहिजेत. आमच्या वेगानं त्याला ५ मिनिटं लागतात. पोरं ३० सेकंद बघतात आणि "शून्य चुका" लिहून मोकळी होतात. ती ओळ मी खोडते.

रोख धरणं हे सगळ्यात किचकट काम. तिपाईवर फोन ठेवून होत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कोणत्याही लेथवाल्याकडे जा, १० मिलिमीटर जाडीची प्लेट, एका टोकाला बिजागर, बिजागरापासून २५ सेंटिमीटरवर अर्धा मिलिमीटर पिचचा स्क्रू, एवढं सांगा. स्क्रूचा एक फेरा म्हणजे २ मिलिरेडियन, शेडवर १ मीटर २० सेंटिमीटर. अर्ध्या फेऱ्यात ठिपका आपल्या पूर्ण रुंदीएवढा सरकतो. आट्यात ढिलाई राहू नये म्हणून उलट बाजूनं स्प्रिंग लावा. पहिल्यांदा शोधताना संध्याकाळी, अंधार पडल्यावर, शेडच्या दारात सायकलचा रिफ्लेक्टर टांगा. तो आलेला प्रकाश आल्या वाटेनं परत पाठवतो, त्यामुळे ठिपका त्याच्यावर आला की गच्चीवरूनच चमक दिसते. मधोमध सुरू करून गोल गोल वाढवत शोधत जा, चकली पाडतात तसं. उपग्रहावरचा लेझरही असाच चकलीसारखा फिरवत जमिनीवरची जागा शोधू शकतो. बहुतेक वेळा जमिनीवरून आधी एक रुंद खुणेचा झोत वर जातो, उपग्रहाचा कॅमेरा तो पकडतो आणि त्याच दिशेला आपला अरुंद झोत सोडतो. सायकीलासुद्धा कॅलिफोर्नियातल्या टेबल माउंटनवरून असा झोत पाठवत होते.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आमचा दुवा रोज सकाळी सव्वासहाच्या सुमाराला तुटायचा आणि दहा-अकरा मिनिटांनी आपोआप लागायचा. पोरांनी धुक्यावर ढकललं. येळ्ळूरला डिसेंबरात सकाळी धुकं असतंच, त्यामुळे कारण पटण्यासारखं होतं. पण धुक्यात प्रकाश हळूहळू उतरतो, आणि वहीत तर रेघ एकदम खाली पडलेली. चौथ्या दिवशी मी शेडवर जाऊन बसले, भिंगासमोर पांढरा कागद धरला. सव्वासहाला ठिपका थरथरायला लागला. दिसायला अस्पष्ट, पण कड भिंगाच्या आतबाहेर होत होती. घरी फोन लावला तर सासूबाई म्हणाल्या, "मोटर चालू केलीय गं, टाकी भरालीय." मोटरचा पाइप ज्या कठड्याला क्लॅम्प केला होता, त्याच कठड्यावर आमची प्लेट बोल्ट केलेली. अर्ध्या मिलिरेडियनचा कंप म्हणजे तिकडं ३० सेंटिमीटर, ठिपक्याची निम्मी रुंदी. प्लेट पिलरच्या डोक्यावर नेली, खाली रबर घातलं, प्रश्न मिटला. यानात पाण्याची मोटर नसते पण त्याची दिशा सांभाळणारी फिरती चाकं असतात, आणि त्यांचा कंप हीच तिथली डोकेदुखी. म्हणून उड्डाणाआधी यान टेबलावर हलवून, रोख धरणारा छोटा आरसा तो कंप किती खाऊ शकतो हे मोजतात. वेळेची नोंद सेकंदापर्यंत नसती तर मी आजही धुक्याला शिव्या देत बसले असते.

हवेची गंमत बघायची असेल तर रात्री तो पांढरा कागद पुन्हा धरा आणि जवळून बघा. ठिपका स्थिर नसतोच. त्यात काळे-लाल डाग उठतात, फुटतात, एकमेकांत मिसळतात, उकळत्या पेजेवर बुडबुडे यावेत तसे. गरम आणि गार हवेचे लहान लहान गोळे भिंगासारखे वागतात, त्यामुळे हे होतं. फोटोडायोडचं व्होल्टेज सेकंदाला हजार वेळा नोंदवा, आणि चढउताराच्या वर्गाची सरासरी काढून तिला सरासरी व्होल्टेजच्या वर्गानं भागा. हा आकडा जितका मोठा तितकी हवा खवळलेली. भात कापून मोकळं पडलेलं रान दुपारी दोनला तापतं तेव्हा हा आकडा सगळ्यात वाईट येतो. सूर्य उगवल्यावर थोड्या वेळानं आणि मावळायच्या थोडं आधी जमीन आणि हवा सारख्या तापमानाला येतात, त्या घटकेला सगळ्यात चांगला. भिंग मोठं केलं की चढउतार कमी होतो, कारण वेगवेगळे डाग एकाच भिंगात येऊन त्यांची सरासरी होते. एकदा १० सेंटिमीटरच्या भिंगावर काळा कागद लावून २ सेंटिमीटरचं भोक ठेवा आणि दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून बघा. हा प्रयोग चुकवू नका.

अशा हवेत दुवा काही मिलिसेकंद बुडतो. ५ मिलिसेकंद बुडाला तर आमचे सलग ५० बिट जातात, आणि एका गटात एखादाच बिट दुरुस्त करणारी साधी पद्धत सलग ५० बिट परत आणू शकत नाही. यावरचा उपाय मी पोरांना वडगावच्या विणकराच्या मागावर नेऊन दाखवते. माहिती उभ्या धाग्यासारखी भरायची आणि पाठवताना आडव्या धाग्यासारखी काढायची. कापडावर आडवा डाग पडला तर प्रत्येक उभ्या धाग्याला तो एकेकाच ठिकाणी लागतो. तसंच पलीकडे बिट परत उभे रचले की ५० बिटांचा खड्डा बिटांच्या ५० वेगवेगळ्या गटांत एकेक बिट होऊन वाटला जातो, आणि एक बिट दुरुस्त करणं सोपं असतं. ही उभ्या-आडव्या धाग्यांची चौकट किती मोठी घ्यायची हे तुमच्या नोंदीतला सगळ्यात लांब खड्डा ठरवतो. अंदाजानं घेऊ नका. नासाच्या एका छोट्या उपग्रहावरच्या टीबर्ड या लेझर यंत्रणेनं आणखी एक वाट धरली होती. सेकंदाला २०० गिगाबिट सोडायचे आणि जो तुकडा पोचला नाही तो जमिनीवरून परत मागायचा.

उपग्रह सरकतो, शेड सरकत नाही, हा मोठा फरक. ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला ७.६ किलोमीटर जातो. डोक्यावरून जाताना तो सेकंदाला सुमारे १५ मिलिरेडियन सरकतो. हिशेब केला तर ६०० मीटरवर आडव्या रस्त्यानं ताशी ३३ किलोमीटरनं जाणारी दुचाकी नजरेला बरोबर याच वेगानं सरकते. म्हणून पाठलाग करणारा माउंट बनवला असेल, तर त्याची परीक्षा शिवाररस्त्यावर होते. संध्याकाळी भाऊ हेडलाइट लावून दुचाकी नेतो आणि माउंटवरच्या कॅमेऱ्यानं तो दिवा मधोमध धरून ठेवायचा. लेझर त्या वेळी बंद, प्लग काढून खिशात. गाडीवरच्या माणसाच्या तोंडावर लेझर जाता कामा नये.

खऱ्या उपग्रहाला आणखी एक तिढा आहे. त्याचा प्रकाश तुमच्यापर्यंत यायला आणि तुमचा त्याच्यापर्यंत जायला मिळून ३.३ मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात तो २५ मीटर पुढं गेलेला असतो. जमिनीवरच्या १० सेंटिमीटर दुर्बिणीतून निघालेला झोत तिथं सायकीच्याच हिशेबानं सात-आठ मीटरच रुंद. म्हणजे जिथं तो दिसतो तिथं नेम धरला तर झोत चुकतो, पुढं धरावा लागतो. हे तपासायला ग्राउंड स्टेशनवर आधी ताऱ्यांवर नेम धरून दुर्बिणीची चूक काढतात, मग सगळ्या हालचालीची रंगीत तालीम करतात, कारण उपग्रह डोक्यावरून जायला पाच-दहा मिनिटंच मिळतात. क्षितिजाजवळ असताना घाई करत नाहीत. २० अंशांवर हवेची वाट सरळ डोक्यावरच्या तिप्पट लांब असते, ३० अंशांवर दुप्पट. आणि वर झोत सोडताना वाटेत विमान आलं की तो आपोआप बंद होईल अशी व्यवस्था लागते.

राहिले ढग. त्यांच्यापुढं ताकद वाढवून उपयोग नाही, जागा बदलावी लागते. नासाच्या एलसीआरडी या उपग्रहावरच्या लेझर यंत्रणेसाठी एक स्टेशन कॅलिफोर्नियात आणि दुसरं हवाईतल्या हालेआकाला पर्वतावर आहे, ते याचसाठी. आमच्या जिल्ह्यात हा धडा घरबसल्या मिळतो. आत्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला, मावशी अथणीला. जुलैत सकाळी आठला दोघींना फोन करायचा. आत्या म्हणते, "हितं समोरचं झाड दिसंना झालंय," आणि मावशी वाळवण घालत असते. तीन ठिकाणी प्रत्येकी ६० टक्के वेळ ढग आहेत असं समजा. ते एकमेकांशी संबंध न ठेवता येत असतील तर तिन्हीकडे एकाच वेळी ढग असण्याची शक्यता ०.६ गुणिले ०.६ गुणिले ०.६, म्हणजे २२ टक्क्यांच्या आत, आणि ७८ टक्के वेळ कुठं ना कुठं आभाळ मोकळं. पण पावसाळा असा वागत नाही. समुद्राकडून ढग आले की कणकुंबी आणि बेळगाव बरोबरच झाकतं, कधी अथणीसुद्धा. म्हणून गुणाकारावर विसंबू नका, निदान एक पावसाळा तिन्ही ठिकाणची रोजची नोंद ठेवा आणि एकाच वेळी किती दिवस झाकलं ते मोजा. आमच्या वहीत आभाळासाठी वेगळा रकाना आहे: मोकळं, विरळ, दाट. बाकीचे रकाने वेळ, आलेला प्रकाश, चुका, तापमान, वारा, राजहंसगड दिसतो का, आणि सगळ्यात रुंद रकाना तुटण्याच्या कारणाचा. कारण कळलं नसेल तर तिथं "माहीत नाही" लिहायचं. रिकामं सोडायचं नाही.

आवरताना आधी गच्चीवरचा लेझर बंद करा, मग शेडवर फोन करून सांगा, आणि शेडवरच्यानं तेव्हाच भिंगावर टोपण घालावं. आमचं शेडवरचं भिंग पूर्वेकडे बघतं. पहिल्या वर्षी टोपण राहिलं, सकाळचं ऊन भिंगातून आत आलं आणि फोटोडायोडमागचं प्लास्टिक वितळून वाकलं. आता टोपणाला दोरी बांधून ती भिंगालाच अडकवली आहे.